बादली लपवू नका

मी पत्रा बोलतोय. बोलतोय कसला, गळतोय! लष्कराच्या छावणीतल्या एका लांबलचक खोलीवर माझा मुक्काम. खाली टेबलांवर पॅराशूट पसरून त्यांच्या घड्या घालतात. पॅराशूटला ओल चालत नाही, ओलं पॅराशूट हवेत धड उघडत नाही, आणि मला पडलंय भोक. आता बोला!

नवा होतो तेव्हा पाऊस नुसती आदळआपट करून निघून जायचा. पुढे एका खिळ्याभोवती गंज धरला. मला बदलायचं तर वरच्या कचेरीची मंजुरी लागते. डांबर फासायला इथल्याच साहेबांची सही पुरते. म्हणून दरवर्षी ठेकेदाराचा माणूस शिडी लावतो, भलत्याच जागी डांबर थापतो आणि "झालं काम!" म्हणत उतरतो. काम बघायला शिडी चढतो कोण? आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!

घड्या घालणारे उस्ताद फार नेटके. मी गळू लागलो की टेबल सरकवून बादली ठेवतात. पण तपासणी आली की हाच नेटकेपणा आड येतो. बादली कपाटामागे जाते, डागावर चुना बसतो. साहेब मान वर करून म्हणतात, "वा, छप्पर ठणठणीत आहे!" की मला बदलायचा विषय बारगळला. असा संताप होतो! दुखणं झाकून वैद्याकडे कुणी जातं का?

यंदा उस्तादांचा पुतण्या उडीसाठी पॅराशूट न्यायला आला. त्यानं घडीत हात घातला.

"काका, हे ओलं लागतंय हो."

बादली चुकवून माझं पाणी तिथवर उडालं होतं. उस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घडी मोडली आणि पॅराशूट वाळत टांगलं.

पुढच्या तपासणीला बादली जागची हलली नाही.

"ही इथे काय करतेय?" साहेबांनी विचारलं.

"नोकरी, साहेब. पण हिला चुकवून पाणी पॅराशूटवर उडालं, माझा पुतण्या थोडक्यात वाचला."

साहेबांनी मान वर करून माझं भोक नीट बघितलं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, सुटलो एकदाचा!

आठवड्यानं हुकूम आला. खाली नवीकोरी बादली आली, आधीपेक्षा मोठी. वर तोच माणूस डांबराचा डबा घेऊन चढला.

बाबांनो, मला खुशाल भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण त्या पोराचा जीव बादलीच्या भरवशावर सोडू नका.