शिंडर आडनावाचा खुलासा

आडनाव म्हणजे माणसाच्या कुळाचा, मातीचा आणि पूर्वजांच्या पराक्रमाचा शिलालेख होय. हे वाक्य मी एटापल्लीच्या कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं सांगत आलो आहे. मुलं ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि मी त्याला दोन गुण देतो. प्रफुल शिंडरच्या घराण्याचा शिलालेख मात्र एका लाकडी पेटीच्या झाकणावर होता, आणि त्या पेटीत मेलेले भुंगे होते.

प्रफुल एटापल्ली ते आलापल्ली काळी-पिवळी चालवतो. दहा जणांच्या गाडीत सोळा बसवून झाल्यावर तो सतराव्याला म्हणतो, "या ना भाऊ, जागाच जागा हाये." असा आशावादी माणूस ऑगस्टच्या एका दुपारी माझ्या दारात रिकामी गाडी घेऊन आला. त्यावरूनच मी ओळखलं, की काम सरकारी आहे.

"सर, हे वाचा बरं. मले समजून नाई राह्यलं."

पत्र जात पडताळणी समितीचं होतं. प्रफुलच्या मुलीला, पुनमला, सरकारी नर्सिंग कॉलेजात अनुसूचित जातीच्या जागेवर प्रवेश मिळाला होता. शिंडरांच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. प्रवेश पक्का व्हायचा तर जातीच्या दाखल्याची वैधता एकतीस ऑक्टोबरपर्यंत कॉलेजात पोचायला हवी होती. नाही पोचली, तर जागा यादीतल्या पुढच्याची.

समितीनं लिहिलं होतं: 'अर्जदाराच्या आजोबांच्या सन १९४८ च्या शाळाप्रवेशाच्या नोंदीत जात ख्रिस्ती अशी नमूद आहे. तसेच शिंडर हे आडनाव जिल्ह्यात प्रचलित नाही. सबब सदर आडनावाचा उगम, अर्थ व प्रचलन याबाबत सोबतच्या प्रपत्रात पंधरा दिवसांत खुलासा करावा.' प्रपत्रात तीन रकाने होते. उगम, अर्थ, प्रचलन. प्रत्येक रकाना साधारण एक इंचाचा.

"तुम्ही ख्रिस्ती होता का कधी?" मी विचारलं.

"नाई जी. आमी बौद्ध. माह्या आज्यानं छप्पन साली चांद्याले जाऊन दीक्षा घेतली. त्याच्या पयले महार. मधात ख्रिस्ती कवा होनार? टाइमच नाई भेटला."

"नात्यातल्या कोणाकडे वैधता?"

"वडशाले हाये ना. चुलत घराणं. पन त्यायचं आडनाव अलग. कागदावर ते आमचे कोनी नाई लागत."

मी त्याच गाडीत बसून त्याच्या घरी गेलो. सोळा माणसांच्या जागेत एकटा बसण्याचा तो माझा पहिला प्रसंग.

प्रफुलचे वडील सोमाजी अंगणात खाटेवर बसले होते. वय पंच्याऐंशी, कान शाबूत. बाजूला पुनम कागदांची फाइल मांडीवर घेऊन बसलेली. तिनं त्या फाइलला प्लास्टिकची तीन आवरणं घातली होती.

"सोमाजीभाऊ, हे शिंडर आलं कुठून?"

"माह्या आज्यानं आनलं. सुकलूनं. एक जर्मन सायब आला होता या जंगलात, भुंगे पकडाले."

"भुंगे?"

"आता सायबाले काऊन म्हनून कोन विचारन? सुकलू त्याच्या पेट्या उचले. सायब भुंगा पकडे, टाचनीनं टोचे, खाली चिठ्ठी लावे. चिठ्ठीवर नाव. असं नाव का इथी कोनाच्या बापाले समजू नये. अन् नाव लावलं का भुंगा काचेच्या पेटीत, कापसावर. सुकलूनं हे पाह्यलं दीड वर्ष. त्याचं सोताचं नाव होतं ते सगळ्याईले समजे. नाव सांगितलं का पानी वरून. मंग त्याच्या ध्यानात आलं. ज्याचं नाव कोनाले समजत नाई, त्याले कापसावर ठेवतेत."

चौदा साली लढाई लागली तेव्हा साहेबाला शिपायांनी पकडून नगरच्या छावणीत नेलं. मागं एक पेटी राहिली. झाकणावर इंग्रजी अक्षरांत त्याचं आडनाव होतं. सुकलूनं ते एका फॉरेस्ट गार्डकडून वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो सुकलू शिंडर झाला.

"जमलं का मग?"

"लयच जमलं." सोमाजी हसले. "कोनी आडनाव विचारलं का आमी सांगो, शिंडर. तो मानूस गप. इचार करत बसे. त्याचा इचार होयेपर्यंत आमी पानी पिऊन निंघून जाओ. वडशाच्या नाटकवाल्याईनं त मले नावावरून गोऱ्या सायबाचं काम देल्लं होतं. मी गेलो. त्यायनं मले पाह्यलं, अन् जेवू घालून वापस पाठोलं."

"आणि हे ख्रिस्ती?"

सोमाजींनी खाटेची दोरी चाचपली.

"मास्तर नवीन होता. नाव आयकलं, माह्याकडं पाह्यलं, परत नाव आयकलं अन् लिवून टाकलं."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"मी नऊ वर्साचा. अन् सांगू का सर, त्या रोजी मास्तरनं मले बाकीच्या पोराईसंग आत बसवलं. मंग कायले सांगू?"

पुनमनं फाइलचं वरचं आवरण नीट केलं.

"लिवा ना सर," सोमाजी म्हणाले, "नाव असंच ठेवलं म्हनून."

हे वाक्य रकान्यात बसलं असतं. पण मी इतिहासाचा माणूस. एम.ए.ला असताना नागपुरात एक वर्ष जर्मन शिकलो आणि नापास झालो. तेवढ्या भांडवलावर मी म्हणालो, "असं चालत नाही सोमाजीभाऊ. समितीला पुरावा लागतो."

पेटी वाळवीनं कधीच खाल्ली होती. झाकण तेवढं उरलं होतं, कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून. मी त्याचा फोटो काढला. कोंबडी फोटोत आली. जर्मनीत आडनावांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंचा पत्ता शोधून त्यांना मी फोटोसकट मेल पाठवली. आपल्याकडे तहसीलमधून उतारा यायला जितके दिवस लागतात त्याच्या निम्म्या दिवसांत उत्तर आलं. बाईंनी कोंबडीची चौकशीही केली होती.

उत्तर मी शिंडरांच्या अंगणात वाचून दाखवलं. मधेमधे अडखळत होतो, ते केवळ जर्मनमुळे नव्हे.

"उगम: धंद्यावरून पडलेलं आडनाव. अर्थ..." मी चष्मा पुसला. "अर्थ: मेलेली जनावरं गावाबाहेर ओढून नेऊन त्यांची कातडी सोलणारा."

प्रफुल म्हणाला, "परत वाचा बरं."

मी परत वाचलं. पुढचंही वाचलं. जुन्या काळी या लोकांची घरं वेशीबाहेर असत. त्यांना शिवलं तर कारागिरांची पंचायत शिवणाऱ्यालाही बाहेर काढी. देवळात त्यांची जागा वेगळी. गुत्त्यात पेला वेगळा. सोयरीक आपसातच.

"तिथीबी?" सोमाजींनी विचारलं.

"तिथंही."

"पेला अलग?"

"हो."

त्यांनी खुराड्याच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तरीच म्हनतो, तो सायब इतल्या दूर भुंगे पकडाले काऊन आला."

पुनमला हसू आलं आणि ते थांबेना. प्रफुलनं तिला पाणी आणून दिलं. हसणं थांबल्यावर तिनं विचारलं, "अन् प्रचलन, सर?"

"अगदी विरळ. ज्यांना आडनाव बदलता आलं त्यांनी बदललं, असं बाई लिहितात."

"म्हणजे त्यांनी टाकलेलं आम्ही उचललं."

"हे मात्र लिवू नका सर," सोमाजी म्हणाले. "असंच ठेवलं, लिवा."

मी नाही ऐकलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला खऱ्या संशोधनाची संधी मिळाली होती आणि समोर वाचायला सरकार बसलं होतं. तीन रात्री जागून मी अकरा पानांचा खुलासा लिहिला. पान तीनवर उगम, पान सातवर अर्थ, पान दहावर प्रचलन, शेवटी संदर्भसूची. 'प्रपत्रातील जागा अपुरी असल्याने सोबतचे टिपण पाहावे,' असं तिन्ही रकान्यांत लिहिलं. प्रत मी स्पायरल बायंडिंग करून दिली.

ऑक्टोबरमध्ये सुनावणी झाली. मीही गेलो होतो, जाणकार म्हणून. मला दाराशी खुर्ची मिळाली.

अध्यक्ष पहिली पानं शांतपणे उलटत होते. पान सातवर त्यांचा चेहरा उजळला.

"मेलेली जनावरं ओढणं! वा. म्हणजे पारंपरिक व्यवसाय जुळतो."

"कशाशी सर?" पुनमनं विचारलं.

"तुमच्याकडेही तेच ना?"

"आमच्या घरात कोणी नाही केलं सर. सुकलू भुंग्यांच्या पेट्या उचलायचे. पणजोबा रस्त्याच्या कामावर होते. आबा लाकडाच्या डेपोत. बाबा गाडी चालवतात."

अध्यक्षांचा चेहरा पडला. "म्हणजे जुळत नाही?"

पुनम माझ्याकडे पाहू लागली. मी संदर्भसूचीकडे पाहू लागलो.

"सर," ती म्हणाली, "ते जुळायला पाहिजे की नको?"

"ते आम्ही कसं सांगणार? आम्ही फक्त पाहतो."

दुसऱ्या सदस्यानं विचारलं, "चर्चला जाता?"

"नाही."

"कधीच?"

"एटापल्लीत माझी मैत्रीण आहे, तिच्या घरी नाताळाचा केक खाल्ला."

"केक," असं लिहून घेण्यात आलं.

अठ्ठावीस ऑक्टोबरला आदेश मिळाला. त्यात माझं नाव नव्हतं, पण मजकूर माझाच होता. 'अर्जदाराने स्वतः सादर केलेल्या टिपणातील पान ३ नुसार आडनावाचा उगम जर्मनी येथील असल्याचे निष्पन्न होते. सबब अर्जदाराचे कुटुंब बाहेरून स्थलांतरित असल्याचे गृहीत धरण्यात येत असून, मूळ ठिकाणच्या सक्षम अधिकाऱ्याच्या जातीच्या दाखल्यासह नव्याने अर्ज करावा.'

मी त्या बाईंना पुन्हा लिहिलं. असा दाखला तिकडे कोण देतं? त्यांनी नम्रपणे कळवलं, की कोण शिवण्यासारखं आणि कोण नाही याची नोंद ठेवणं तिकडे दोनशे वर्षांपूर्वीच बंद झालं. उशीर झाल्याबद्दल त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. कसल्या उशिराबद्दल, ते मला कळलं नाही.

नागपूरच्या वकिलांनी कागद पाहिले. म्हणाले, "हायकोर्टात शंभर टक्के जिंकता. चार वर्षं धरा." नर्सिंगचा अभ्यासक्रमही चार वर्षांचाच असतो.

एकतीस तारखेला संध्याकाळी पुनमची जागा रिकामी झाली आणि पुढच्या फेरीत भरली.

नोव्हेंबरात मी आदेशाची साक्षांकित प्रत आणायला समितीच्या कार्यालयात गेलो, तेव्हा तिथला लिपिक धनराज टपरीवर भेटला. मी त्याला चहा पाजला आणि इतके दिवस मनात असलेलं विचारलं.

"धनराज, शिंडर आडनावात समितीला नेमकं काय खटकलं?"

"काही नाही सर. ते पत्र छापील आहे. यादीत नसलेल्या सगळ्याच आडनावांना जाते. आम्ही फक्त आडनाव टाकतो."

"आणि ते ख्रिस्ती?"

"तसे तर लई निघतात. मास्तर लोकांनी काहीही लिहून ठेवलं आहे. चौकशीवाला गावात जाऊन आला होता ना? त्याचा रिपोर्ट तुमच्या बाजूनंच होता."

"मग बाकीचे लोक त्या प्रपत्रात काय लिहितात?"

"पूर्वापार."

"आणि अर्थ?"

"माहीत नाही, लिहितात. प्रचलनात परत पूर्वापार. तेवढं आलं की फाइल पुढं." त्यानं चहा संपवला. "तुमचं टिपण मात्र चांगलं होतं सर. सायबांनी घरी नेलं वाचायला."

हे मी शिंडरांना सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. पुनम डिसेंबरपासून एटापल्लीच्या सेतू केंद्रात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायला बसते. परवा माझ्या पुतण्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो, तर तिच्यासमोर एक म्हातारी बसली होती. नात पॉलिटेक्निकला लागली होती आणि समितीचं पत्र आलं होतं, तेच, छापील.

"आमच्या नावाचा अर्थ काय लिवतं वो बाई?" म्हातारीनं विचारलं. "माह्या सासऱ्यानं एक गोठ सांगितली होती. सांगू?"

"नका सांगू, आजी," पुनम म्हणाली आणि लिहू लागली.

मी पाहिलं. पूर्वापार. माहीत नाही. पूर्वापार. तिन्ही रकान्यांत थोडी थोडी जागा उरली होती.