चार मासे आणि शेंदूर

मी एक जुना बारशिंगा आहे, इंदूरपासून दोन तासांवरच्या डोंगरात, एका कपारीत गेरूने काढलेला. मित्रांनो, माझं वय मलाच ठाऊक नाही. एका बाईने गेरू उगाळला, बोटाने माझी शिंगं काढली, पोटाखाली लाटा ओढल्या आणि पायांत चार मासे सोडले. समोर दिसत होतं तेच तिने काढलं. तेव्हा इथे दलदल होती, कमरेएवढं लव्हाळं होतं. आज खाली सोयाबीनची शेतं आणि कोरडा नाला आहे. इथे पाणी होतं, हे सांगायला मी एकटा उरलो.

गुराख्यांच्या चुलींचा धूर मी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. मग इंदूरच्या मल्हारगंज भागातले लक्ष्मीकांतजी आले. बँकेतून निवृत्त, कीर्तनवेडे. दर एकादशीला चिपळ्या घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. इंदुरी ढंगात भाऊ मानून म्हणायचे, "तुझ्यासारखा श्रोता नाही रे भिया! मधेच उठून चहाला तरी जात नाहीस."

एकदा गाता गाता ते थबकले. "अरे, तू तर पाण्यात उभा आहेस!" त्यांचे डोळे भरून आले. इतक्या काळात माझी गोष्ट पहिल्यांदाच कुणाला तरी कळली होती. मी त्यांचा झालो.

त्यांनी ही गोष्ट कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलीला, श्रियाला सांगितली. तिचे सर रविवारी फोटो काढायला येणार होते. मासे स्पष्ट दिसले, तर इथल्या जुन्या पाण्याचा पुरावा मिळणार होता.

रविवारी लक्ष्मीकांतजी सगळ्यांच्या आधी आले. "पाहुणे यायचेत आणि तू असा कोरडा? देवाला असं ठेवतात का?" शनिवारी मारुतीला लावतात तसा त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि खुरांपासून शिंगांपर्यंत मला माखलं. अभंग गात, मायेने. मला ओरडता येत नव्हतं.

श्रिया सरांना घेऊन आली आणि जागीच थिजली. "बाबा, ये क्या कर दिया? मासे कुठे गेले?"

"आत आहेत की गं. पुसतो ना."

"पुसू नका! गेरूपण निघून येईल!"

त्यांचा हात हवेतच राहिला. सरांनी कॅमेरा पिशवीत ठेवला.

धूर करणारे मला ओळखत नव्हते. त्यांच्यावर माझा राग नाही. पण यांनी मला ओळखलं होतं, म्हणून घाव खोल गेला. ते अजून येतात. गात नाहीत, नुसते बसतात. मला त्यांना माफ करता येत नाही.

मित्रांनो, असं चित्र भेटलं तर हात मागे बांधून उभे राहा. तेल नको, पाणी नको, हार नको. हवं तेवढं गा, आम्ही ऐकतो. फक्त आमचं सांगणं आमच्या अंगावर राहू द्या.