चार नंबरवाली बहीण

"आधी जॅकेट इथे पसरा मॅडम, मग बूट काढतो. फोटोवरून रंग जमत नाही."

वैजयंतीने कापडी पिशवीतून जॅकेट काढून काचेच्या काउंटरवर ठेवलं. चामड्याचं, गडद तपकिरी, कमरेपर्यंतचं. त्याला अजून डांबरगोळ्यांचा वास येत होता. भाची श्रुतीने मागच्या सुट्टीत जर्मनीहून येताना ते आत्यासाठी आणलं होतं. खारघरच्या दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून वैजयंतीने ते सिलिका जेलच्या पुड्या आणि डांबरगोळ्या घालून कपाटात जपलं होतं. घालायची वेळ मात्र आली नव्हती. नवी मुंबईत चामड्याचं जॅकेट घालून माणसाने जायचं तरी कुठे?

आता वेळ आली होती. डिसेंबरात श्रुतीला डॉक्टरेट मिळायची होती. "आत्या, तू पुढच्या रांगेत हवीस," तिने फोनवर बजावलं होतं. "केमिस्ट्री मला तू शिकवलीस, बाबांनी नाही. आणि सँडल घालून येऊ नकोस हं. इथे रस्त्यावर बर्फ असतो. घोटा झाकणारे बूट घे."

बूट म्हटल्यावर वैजयंतीने विषयच बदलला होता. भाऊ आशुतोषला तिने अजून हो म्हटलं नव्हतं. "बघू, जमलं तर," एवढंच म्हणाली होती, आणि ते बुटांवर अडलंय हे त्याला सांगितलं नव्हतं.

वाशीच्या या दुकानाचा मालक हितेश तिला वर्षानुवर्षं ओळखत होता. त्याने तीन बूट आणून जॅकेटशेजारी मांडले.

"हे काळे. पण तुम्ही उंच, जॅकेट आखूड, त्यात हे जाड बूट घातले तर ट्रॅफिकवाल्या मॅडम वाटाल. लोक लायसन काढून दाखवतील."

"आणि हे?"

"हे टॅन. कॉलेजच्या पोरी नेतात. पण जॅकेटपेक्षा बूट फिके असले ना, की बघणाऱ्याचं पहिलं लक्ष पायाकडे जातं."

वैजयंतीला नेमकं तेच नको होतं.

"मग हे घ्या. जॅकेटपेक्षा एक शेड गडद. टाच बुटकी, तळ रबरी, बाजूला चेन. आपल्याकडे प्रत्येक दारात बूट काढायचे, लेस सोडत कोण बसणार?"

तिने बूट हातात घेऊन तळ वाकवून पाहिला, आतून बोट फिरवलं. शिवण कुठे टोचत नव्हती.

"छान आहेत. दोन जोड द्या. एक सहा नंबर, एक चार."

"चार नंबर ताईंसाठी ना?"

"हो. बहिणीसाठी."

हे वाक्य तिच्या तोंडून इतक्यांदा गेलं होतं, की ते बोलताना आताशा मान खाली जात नसे. हितेशने मात्र या वेळी खोकं काढलं नाही.

"मॅडम, ताईंना एकदा घेऊन याच. सँडलचं चालून जातं. बुटाला घोटा बसावा लागतो. टाच आत वरखाली झाली की बर्फात माणूस आपटलाच समजा. आणि एकदा घालून चाललात की चामड्याला वळ्या पडतात, मग मी परत नाही घेऊ शकत."

"ती येणार नाही. तिला वेळ नसतो."

"इतकी वर्षं वेळ नाही? काय करतात त्या?"

वैजयंतीने उत्तर टाळून सहा नंबरचा उजवा बूट पायात चढवला. नीट बसला. डावा पाय तिने सवयीने बाकाखाली ओढून घेतला होता आणि समोर पर्स ठेवली होती.

"दुसरापण घाला ना."

"एका पायावर कळतं," ती म्हणाली. "उद्या सांगते."

"या रंगात हे दोनच राहिलेत बघा, एक चार, एक सहा. बाजूला ठेवतो."

*

वैजयंतीला बहीण नव्हती. चार नंबरचा होता तो तिचाच डावा पाय.

तो जन्मतःच आत वळलेला होता. साताऱ्याहून वडिलांनी मिरजेला नेऊन प्लास्टर, मग ऑपरेशन, सगळं केलं. पाय सरळ झाला, पण उजव्यापेक्षा दोन नंबर लहानच राहिला. चालताना फारसं कळत नसे. कळत असे ते दारात काढलेल्या चपलांवरून. एक मोठी, एक छोटी. म्हणून पाहुणे यायचे असले, की आई तिच्या चपला उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवी. बघायला आलेल्या एका स्थळाच्या बाईंनी "जरा चालून दाखव गं बाळ" म्हटलं होतं. वैजयंती दारापर्यंत जाऊन परत आली. त्या बाईंनी पोहे तसेच ठेवले. त्यानंतर तिने बघायचे कार्यक्रमच बंद करायला लावले आणि तळोज्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. तिथेच आता ती प्रमुख होती.

प्रत्येक खरेदीनंतर एक जोड पायात जाई आणि दुसरा उरे: उजवा चार, डावा सहा. कोरा, कुणाच्याही उपयोगाचा नसलेला. टाकवत नसे, देता येत नसे. असे सगळे उरलेले जोड माळ्यावर खोक्यांत होते. प्रयोगशाळेत काही रेणू असे भेटतात, की त्यांच्यातले अणू तेच, जोडणी तीच, फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. एकाच्या जागी दुसरा बसत नाही म्हणजे नाही. माळ्याकडे पाहिलं की वैजयंतीला त्यांची आठवण येई. तिची सगळी आरशातली पावलं वर धूळ खात बसली होती.

आता दोन्ही जोड घ्यायचे, तर चार नंबरचा डावा घालून बघायलाच हवा होता. म्हणजे हितेशसमोर, गिऱ्हाइकांसमोर, तो पाय बाकाखालून बाहेर काढायला हवा होता. न बघता घेतले आणि टाच हलली, तर पदवीदान समारंभात श्रुतीच्या नव्या मित्रमंडळींसमोर आत्या फरपटत चालणार. रात्री जेवताना तिने मनाशी ठरवून टाकलं. आशुतोषला सांगायचं, ऑडिट आहे, सुट्टी मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नमुन्याची बाटली लेबल करत असताना हितेशचा फोन आला.

"मॅडम, तुमची ताई येऊन बसलीय."

"कोण?"

"तुमची बहीण. उलव्याच्या उज्वलाताई. आधी सांगितलं असतं तर! जॅकेटपण तुमच्यासारखंच, आणि त्यांनी पण तेच बूट काढायला लावले, तेच दोन जोड, चार आणि सहा. म्हणतात चार नंबर मुलीसाठी. मी म्हटलं, अहो, ते तुमच्या बहिणीने बाजूला ठेवायला सांगितलेत. तर भांडायला लागल्या, मला बहीणच नाही म्हणतात. मॅडम, घरात काही वाद आहे का? मला मधे नका घालू. या आणि आपसात काय ते मिटवा."

वैजयंतीने बाटली जागेवर ठेवली. बूट हातचे जाणार, ही भीती तिला अचानक इतकी वाटली, की जायचं नाही असं रात्री ठरवलं होतं ते खोटं होतं, हे तिचं तिलाच कळलं.

*

बाकावर चाळिशीतली एक ठसठशीत बाई बसली होती. हातभर बांगड्या, गळ्यात जाड साखळी, आणि साडीवर, त्या उकाड्यात, काळपट तपकिरी चामड्याचं जॅकेट. घामाने कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं.

"हीच का ती?" तिने वैजयंतीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाय, तुमी आमचे कुनी नाय. मग बहीन कशी झालात?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"हा म्हनतो. आनि बूट बी अडवून ठेवतो. आमचा महिला मंडळ मनालीला चाललाय. पोरीनी जाकीट दिलान, आता मी काय चपला घालून बर्फात नाचू?"

"मी काल सांगून ठेवलं होतं. मलाही बर्फातच जायचंय."

"सांगून ठेवला म्हंजे काय साखरपुडा झाला?"

दोन गिऱ्हाइकं हसली. हितेशने हात जोडले. "ताई, मॅडम, एक काम करा. एकीने सहा घ्या, एकीने चार."

"नाही," वैजयंती म्हणाली.

"नाय!" उज्वला त्याच वेळी म्हणाली. "मना दोनी जोड पायजेत. हा बग, सहा नंबर मना बरोबर बसतो." तिने डावा पाय पुढे केला. त्यात सहा नंबरचा बूट होता, चेन लावलेली.

"दुसरापण घालून बघा," हितेश म्हणाला.

"एका पायावर समजतो."

वैजयंतीने तेव्हा खाली पाहिलं. उज्वलाचा उजवा पाय बाकाखाली ओढलेला होता. साडीचा काठ त्यावर नीट पसरलेला होता. आणि काठाच्या पुढे, बरोबर जागेवर, तिची पर्स ठेवलेली होती.

वैजयंती काही क्षण त्या पर्सकडे बघत राहिली. मग ती उज्वलाच्या शेजारी बसली. बसली आणि तिने डाव्या पायातली सँडल काढली. पाय बाकाखाली नेला नाही. तिथेच, दिव्याखाली, लादीवर ठेवला. लहान, रुंद, घोट्याजवळ जुन्या टाक्यांची पांढरी रेघ असलेला. कानांच्या पाळ्या तापल्याचं तिला जाणवलं, पण तिने तो हलवला नाही.

"हितेशभाई, चार नंबरचा डावा द्या."

तिने बूट घातला, चेन ओढली, उभी राहिली, टाच उचलून पाहिली. टाच आत हलली नाही.

उज्वला पुढे वाकून त्या बुटाकडे बघत होती.

"तुमचा उजवा चारचा आहे?" वैजयंतीने हळूच विचारलं.

"तुमाला कुनी सांगितला?"

"कुणी नाही. मीपण तिथे पर्स ठेवते."

उज्वलाने पर्सकडे पाहिलं, मग वैजयंतीच्या पायाकडे. शेवटी तिने पर्स बाजूला सरकवली. तिचा उजवा पाय बारीक होता, बोटं जवळजवळ चिकटलेली. "पोलिओ," ती म्हणाली. आवाज आता एकदम खाली आला होता. "मंडळातल्या बायांना बी म्हाईत नाय. सांगतंय, सांधेवात हाय. पोरीचा नंबर पाच हाय, तरी तिचा नाव लावतंय."

वैजयंतीने चार नंबरच्या खोक्यातला उजवा बूट उचलून तिच्यापुढे धरला. उज्वलाने तो घातला. मग तिने सहा नंबरच्या खोक्यातला उजवा काढून वैजयंतीला दिला. दोघी उभ्या राहिल्या, आणि दुकानातल्या जमिनीलगतच्या आरशासमोर चार बूट एका रांगेत आले. खोक्यांत काहीच उरलं नव्हतं.

"अगो बाय," उज्वला म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिने जॅकेटच्या बाहीने डोळे पुसले. चामड्याने कुठे पाणी टिपतंय? गालभर पसरलं. वैजयंतीने आपला रुमाल दिला.

हितेश अजून गोंधळात होता. "पण मॅडम, मग ती बहीण? चार नंबरवाली?"

वैजयंती काही बोलायच्या आत उज्वला उसळली. "ही काय, बसलीय तुज्यासमोर. दिसत नाय तुला?"

हितेशने मान डोलावली आणि काउंटरवर जाऊन, नेहमीसारख्या, वैजयंतीसाठी दोन पिशव्या काढल्या.

"एकच द्या," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने उज्वलाचा नंबर फोनमध्ये घेतला आणि जरा संकोचतच विचारलं, "माझ्याकडे माळ्यावर बरेच जोड आहेत. कोरे. सँडल, चपला, एक मोजडीपण. सगळे तुमच्याच मापाचे. चालतील?"

"माज्या पलंगाखाली काय हाय मंग?" उज्वला म्हणाली. "रविवारी टेम्पोच घेऊन येतंय."

*

घरी येऊन वैजयंतीने आशुतोषला फोन केला.

"तिकीट काढ माझं."

"अगं, काढून ठेवलंय केव्हाच," तो म्हणाला. "तू काय, शेवटी येणारच होतीस."

नवे बूट सैल करावेत म्हणून तिने ते जॅकेटसकट घालून सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. वॉचमन उठून उभा राहिला. तळमजल्यावरच्या वेणूबाईंनी विचारलं, "अहो, ताप आलाय का?" ती हसून नाही म्हणाली. घामाने पाठ भिजली होती, पण टाच जागच्या जागी होती.

दारात तिने चेन ओढून बूट काढले, सवयीने उचलले, आणि आत न्यायला वळली. इतकी वर्षं तिची पादत्राणं घरातल्या कपाटात राहत आली होती. बाहेरचा रॅक रिकामा होता. त्यावर फक्त एक मनी प्लांटची कुंडी असे.

तिने कुंडी बाजूला सरकवली आणि बूट तिथे ठेवले. एक मोठा, एक लहान, टोकं बाहेरच्या बाजूला. समोरच्यांची सून कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली, बुटांकडे बघून म्हणाली, "काकू, एवढे भारी बूट बाहेर? कुणी नेले तर?"

"नेऊ दे," वैजयंती म्हणाली. "त्याला बसणार नाहीत."

आणि दार लावून घेऊन ती माळ्यावरची खोकी उतरवण्यासाठी स्टूल शोधायला गेली.