कादंबरीला हुंकार

"अ...स्ति...त्व...वि..." एवढं वाचून मी अडले. बोट ओळीखाली तसंच दाबून धरलं. पुढची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढून बसल्यासारखी दिसत होती. ओठ मिटले, आणि तेवढ्यात बाजूची लोखंडी कॉट करकरली.

"हूंऽ."

"...षयक," मी पुढचं वाचलंसुद्धा. सवयच तशी. मग ध्यानात आलं. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दुपारचे चार वाजले असतील. मी दाराच्या उंबऱ्याशी बसले होते, उजेड तिथेच चांगला येतो. कॉटवर घडी केलेली वाकळ आणि वाकळेवर उशी. सकाळी ठेवली होती तशीच. गल्लीत ऊन पडलं होतं, भाजीवाल्याचा गाडा पुढच्या वळणावर ओरडत होता. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. तरी मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकला. चहा मात्र दोघांचा टाकला गेला. तो सगळा मीच प्यायले.

मी अक्षरं शिकले ती साठीच्या तोंडावर. मुलांच्या वसतिगृहात भाकरी थापण्यात जन्म गेला. पोरं शिकून साहेब झाली, मला मात्र पिठाच्या डब्यावर काय लिहिलंय ते कळत नव्हतं. काम सुटल्यावर विहारात करुणा मॅडमनी बायकांचा वर्ग काढला, तिथे जाऊन बसले. उशिरा शिकलेल्या माणसाला मनातल्या मनात वाचता येत नाही. मला तरी येत नाही. तोंडाने म्हटलं तरच डोक्यात शिरतं.

त्याच वर्गातून पुढे आमचं रविवारचं वाचक मंडळ झालं. सगळ्यांनी एकच पुस्तक घ्यायचं, घरी वाचायचं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी विहाराच्या वाचनालयात बसून त्यावर बोलायचं. या खेपेचं पुस्तक अनसूयाताईंनी निवडलं होतं. त्या सिडकोतून रिक्षा करून येतात, बँकेतून निवृत्त झाल्या आहेत, बोलणं मऊ. त्यांच्या भाच्याने फार तारीफ केली होती म्हणे. चांगली जाडजूड कादंबरी.

तिच्यात एक माणूस खिडकीशी उभा राहतो आणि बाहेर बघतो. त्याला पोटाचा प्रश्न नाही, पोराबाळांचा नाही. तो बघतो आणि विचार करतो. मला वाटलं, पुढे काही होईल. रस्त्यावर कुणी पडेल, दारावर कुणी येईल. दिवस गेले, माझं बोट पानांमागून पानं सरकत गेलं, आणि तो आपला उभाच.

करुणा मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच काय, कुणाचीच पुढं सरकंना. माझीपण नाय. अनसूयाताईंना वाईट वाटंल म्हणून सगळ्या गप्प हायेत."

"मंग काय करायचं?"

"सोडून द्या की. थोडी चाळा आन् रविवारी या. परीक्षा हाय का काय?"

मी सोडूनच देणार होते. पुस्तक परत करायच्या पिशवीत टाकलंही होतं. पण त्याच दिवशी दुपारी तो हुंकार आला होता, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता माझा हात आपोआप पिशवीत गेला.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. ऐकणाऱ्याने 'हूं' म्हटलं नाही तर सांगणारा तिथेच थांबतो, मग गोष्ट कितीही रंगलेली असो. माझ्या वाचनाला हुंकार द्यायचे ते माझ्या मुलाचे, प्रणयचे बाबा. पुंडलिकराव. वाळूजला एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. मशीनच्या दणक्याने कान पार गेले होते. मी वर्गातून येऊन उंबऱ्याशी धडा वाचायला बसायचे. अक्षराला अक्षर जोडून एक वाक्य व्हायला इतका वेळ जायचा की सुरुवात मीच विसरायचे. प्रणय हसून बाहेर निघून जायचा. हे मात्र कॉटवर बसून, पुढे वाकून माझे ओठ बघत राहायचे. ओठ थांबले की कॉट करकरायची आणि हुंकार यायचा. ओठाखाली तंबाखूची गोळी धरून देतात तसा, अर्धा घशातच राहिलेला. त्यांना एक अक्षर ऐकू येत नसायचं. पण ओठ थांबले म्हणजे मी अडले, आणि अडलेल्या माणसाला हुंकार द्यायचा, एवढं त्यांना ठाऊक होतं.

ते गेले त्याला आता चौथं वर्ष लागलं. मधल्या काळात मी पुष्कळ पुस्तकं वाचली, चांगली चांगली. घरात कधी आवाज झाला नाही. ती पुस्तकं सरळ होती, मी कुठे अडलेच नव्हते.

या कादंबरीत मात्र पावलागणिक अडत होते. वाक्य एका पानावर सुरू व्हायचं आणि दुसऱ्या पानावर श्वास टाकायचं. मधे असे शब्द की जीभ वळायची नाही. आणि जिथे खरोखर अडायचे, बोट कागदावर दाबलं जायचं, तिथे बाजूला करकर व्हायची.

"हूंऽ."

मान वळवून बघितलं तर वाकळ आणि उशी. म्हणून मी बघायचं सोडलं. डोळ्याच्या कोपऱ्यात जेवढं दिसेल तेवढं दिसू द्यायचं. तिथे कधी कधी जरा सावली दाट वाटायची.

नळाला पाणी यायचा दिवस होता. मी अंगणात पिंप भरत होते, शेजारच्या शमीम आपा कमरेएवढ्या भिंतीपलीकडे त्यांची घागर धरून उभ्या होत्या. हडकोतली आमची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत; एकीकडे ताट पडलं तर दुसरीकडे दचकतात.

"बहन, कल मेहमान थे क्या घर में?" त्यांनी विचारलं.

"नाय बा. कोण येतंय?"

"तुम पढ रे थे ना, तो मर्दाना आवाज आ रा था. हूं हूं करके."

माझ्या हातातली नळी पिंपाबाहेर गेली आणि पाणी पायावर पडलं. "रेडिओ असंल आपा," मी म्हटलं.

"हौ, रेडिओच होंगा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि घागर बदलली. मग म्हणाल्या, "पुंडलिक भाई भी अच्छे आदमी थे."

म्हणजे तो माझ्या कानांचा खेळ नव्हता. त्या दिवसापासून भीती गेली आणि दुसरीच चिंता लागली. पुस्तक संपलं तर?

शेवटची पानं उरली तसं मी वाचन कमी केलं. रोज एक पान, मग अर्धंच. पण झालं भलतंच. इतके दिवस त्या लेखकाच्या संगतीत काढल्यावर त्याची चाल माझ्या जिभेला कळायला लागली. शब्द कुठे मोडणार, वाक्य कुठे वळणार, ते आधीच समजायचं. 'अस्तित्वविषयक' तर मी भाकरी उलटावी तसा उलटून टाकायला लागले. ओठ थांबेनात. हुंकार आधी दिवसाआड यायला लागला, मग नुसतीच कॉट करकरायची, मग तेही नाही.

एकदा मी मुद्दाम अडले. "सं...वे...द..." करून थांबले, ओठ मिटले, वाट बघितली. काही नाही. पूर्वीही असंच व्हायचं. मी कौतुकासाठी खोटं अडखळले की ते खिडकीकडे बघायचे. मी वाचते ते त्यांना ऐकू यायचं नाही, पण माझं बोट दिसायचं. खोटं अडताना माझं बोट पुढेच सरकलेलं असायचं.

"अवो, जरा ऐका की," मी रिकाम्या कॉटला म्हणाले. "अजून पानं हायेत."

उशीवर ऊन सरकत आलं होतं. बाकी काही नाही.

शनिवारी शेवटचं पान वाचलं. एका दमात वाचून झालं, जिभेला कुठे खडा लागला नाही. तो माणूस शेवटी खिडकी लावून घेतो आणि पुस्तक संपतं. मी पुस्तक मांडीवर मिटून बसले. इतका कंटाळा दिलेल्या पुस्तकासाठी कुणी रडत नाही. मी रडले.

रविवारी वाचनालयात सतरंजीवर आम्ही गोल बसलो. अनसूयाताईंनीच सुरुवात केली. "मी आधीच कबूल करते बाई. माझ्याच्याने शंभर पानंसुद्धा झाली नाहीत. भाच्याचे कान उपटणार आहे."

मग सगळ्यांची तोंडं सुटली. एक म्हणाली, "मला तर झोपंची गोळी बंद करता आली." दुसरी म्हणाली, "त्या माणसाला एक कामधंदा लावून द्या कुणीतरी." हसून हसून करुणा मॅडमनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"मावशी, तुमी?"

"झाली वाचून."

अनसूयाताई पुढे सरकल्या. "सगळी? शेवटपर्यंत? मग काय होतं हो शेवटी?"

"खिडकी लावतो."

"बस?"

"बस. हवा यायची बंद होते."

पुन्हा हशा झाला. करुणा मॅडम म्हणाल्या, "आता पुढचं पुस्तक मावशीच निवडतील. त्यांचा हक्क हाय."

मी कपाटापाशी गेले. एकेक पुस्तक काढून मधलं पान उघडायचे, एक ओळ म्हणून बघायचे आणि परत ठेवायचे. सगळी वाचता येत होती.

"याच्यापरीस अवघड काही नाय का मॅडम?"

करुणा मॅडमनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला 'अ' गिरवायला शिकवणारा होता. "मावशी, आता तुमाला कायबी अवघड नाय," त्या म्हणाल्या. फार कौतुकाने म्हणाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाटाचं दार लावलं. पुस्तक एकही घेतलं नाही.

घरी परतताना शमीम आपांच्या दारात थांबले. सकाळी त्यांच्याकडे गल्लीतली लहान मुलं उर्दू शिकायला येतात. मी चप्पल न काढताच म्हटलं, "आपा, लेकरांचं ते पहिलं पुस्तक हाय का एखादं? कायदा म्हणता ना तुमी त्याला?"

"किसके वास्ते?"

"माझ्यासाठी."

"इस उमर में? काय कू बहन? उर्दू में किसकू खत लिखना है तुमकू?"

"नाय. वाचायचं हाय."

आपांनी फळीवरून कोपरे झिजलेला एक पातळ कायदा काढला, फडक्याने पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट फिरवून मला दोनदा म्हणून दाखवली. देताना माझ्या हातात तो फिरवून दिला. "इधर से खोलना. हमारा उल्टा रहता."

चार वाजता मी उंबऱ्याशी बसले. कायदा मांडीवर घेतला, उजवीकडून उघडला. काळ्या मुंग्या ओळीने बसाव्यात तशी अक्षरं, कुणाच्या डोक्यावर ठिपके, कुणाच्या पोटाखाली. बोट उजव्या कडेला ठेवलं.

"अलिफ," मी म्हटलं. "बे... पे... ते..."

पुढचं अक्षर आठवेना. ते मुळीच माझ्या ओळखीचं नव्हतं. बोट कागदावर घट्ट दाबलं गेलं. ओठ मिटले. मी मान वळवली नाही.

बाजूची कॉट करकरली.