भिंगरीचे वजन

मित्रांनो, माझ्यावर उभे राहणारी माणसे माझ्याकडे कधीच पाहत नाहीत. ती माझ्या काचेखालच्या आकड्याकडे पाहतात. आकडा मनासारखा आला तर गालात हसतात, नाही आला तर मला पायाने पलंगाखाली सारतात. मी एक जुना वजनकाटा आहे. बॅटरीवर चालणारा नव्हे, स्प्रिंगचा. अंगावर काटा येतो असे तुम्ही म्हणता, माझ्या बाबतीत काट्यावर अंग येते, एवढाच फरक.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्या पाठीवर पितळी वजने ठेवली, काचेवर वाकून पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा खरं बोलतो." मग त्यांनी माझ्या पोटावर शिक्का मारला. ती मला मिळालेली पहिली शाबासकी. तिच्या जोरावर मी पुढची कितीतरी वर्षे काढली.

ती वर्षे व्यायामशाळेत गेली. तिथले शिक्षक रोज सकाळी मला फडक्याने पुसत. माझ्या अंगावरचा हिरवा रंग तेव्हा चकचकीत होता. दंड फुगवून येणारी पोरे, पोट आत ओढून येणारे बाप्ये, श्वास रोखून उभ्या राहणाऱ्या बायका, सगळ्यांना मी जे आहे ते सांगितले. श्वास रोखल्याने वजन कमी होत नाही, हे माणसांना का कळत नाही, हे मला अजून कळलेले नाही. पुढे लाल आकड्यांचा नवा काटा आला आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले. कडेने गंज चढला. शेवटी मोडीत काढायच्या सामानात माझी रवानगी झाली, आणि तिथूनच भिंगरीने मला उचलले.

भिंगरी हे तिचे खरे नाव नव्हे. चालायच्या आधीच ही पळायला लागली, पायाला भिंगरी बांधूनच आली, असे तिची आई म्हणे, आणि फोनवर तिला भिंगरीच म्हणे. ती सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहत होती. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक शेगडी आणि रस्त्याकडची खिडकी. खालून दिवसभर हातोडीची ठकठक आणि चाक फिरवून पाहिल्याची किरकिर येई. माणसाचा आवाज मात्र खोलीत क्वचितच उठे.

भिंगरी खेळाडूंच्या आहाराचे शास्त्र शिकत होती आणि ते तिचे शेवटचे वर्ष होते. ती स्वतः लांब पल्ल्याच्या शर्यती धावत असे. आणि नुकताच तिने लोकांना धावायला शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला होता. 'धावायला शिका, काय खावे तेही शिका' अशी पाटी तिने स्वतः रंगवून जिन्याशी लावली होती. लोक दोन डगरींवर पाय ठेवतात, हिने तिसऱ्या डगरीवर गुडघाही टेकला होता.

उजाडताच ती स्वतःचे धावणे उरकून येई. मग मला सायकलच्या कॅरिअरवर बांधून मैदानावर नेई. तिथे तिचे शिष्य येत. बँकेत काम करणाऱ्या दोघी मैत्रिणी होत्या, त्या धावण्यापेक्षा बोलत जास्त. मोटार चालवायला शिकवणारे एक काका होते. दिवसभर गाडीत बसून त्यांचे पोट स्टिअरिंगला टेकू लागले होते. माझ्यावर उभे राहताना ते एक हात हळूच कुंपणाच्या गजावर ठेवीत, म्हणजे थोडे वजन कुंपणाच्या नावावर जाई. भिंगरी तो हात काढून घेई, आणि काका आकाशाकडे बघत. तेवढ्यापुरते मैदान हसे.

मग ती कॉलेजला जाई. संध्याकाळी परत आली की टेबलाशी बसून मोठ्याने अभ्यास करी. बोलायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून मला वाटे, ती मलाच शिकवते आहे. खर्च होते तेवढे पोटात गेले नाही, तर शरीर आधी चरबी मोडते, मग स्नायू, आणि शेवटी हाडांतून उसनवारी करते. हे तिने इतक्यांदा वाचले होते की माझ्या स्प्रिंगलाही पाठ झाले. दुसऱ्या दिवशी तेच ती बँकेतल्या मैत्रिणींना सांगे, "उपाशीपोटी धावायचं नाही. हवं तर धावणं कमी करा, खाणं नको."

आणि स्वतः? सकाळी धावून आली की खिडकीशी उभ्या उभ्या एक केळे. दुपारी वेळ मिळाला तर पावाचे दोन तुकडे. संध्याकाळी शेगडीवर भात चढे, पण तो उतरेपर्यंत ती शिष्यांचे आहाराचे तक्ते करण्यात गुंतलेली असे. थंड झालेला भात मग तसाच बाजूला सरकवी. दुसऱ्यांची ताटे भरता भरता तिचे स्वतःचे रिकामे राहत होते.

आईचा फोन येई. आई दुसऱ्या गावी शाळेच्या गणवेशांची शिलाई करत असे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, जेवलीस का? भिंगरी म्हणे, हो, आत्ताच. त्या वेळी पातेल्यावर झाकण तसेच असे. तिचे ते उत्तर ऐकायला खोलीत मी एकटाच होतो, आणि मला आकड्यांखेरीज दुसरी भाषा येत नव्हती.

सुरुवातीला सगळे चांगलेच झाले, हे सांगायला हवे. ती हलकी झाली तशी तिची चाल वाढली. गावातल्या शर्यतीत ती पहिली आली. पदक गळ्यात घालून ती खोलीत आली. दाखवायला कोणी नव्हते, म्हणून तशीच माझ्यावर उभी राहिली, मग पदक काढून पुन्हा उभी राहिली. मैदानावर चार नवे चेहरे आले. जो तो तिच्याकडे पाहून म्हणे, बघा, कशी काडीसारखी आहे, म्हणून पळते वाऱ्यासारखी. ते तिला गोड लागे. त्या दिवसांत तिने जेवणापेक्षा ते वाक्यच जास्त खाल्ले.

मग ती माझ्यावर दिवसातून अनेकदा उभी राहू लागली. आधी घड्याळ काढी, मग कानांतले, मग केसांची पिन, आणि पूर्ण श्वास सोडून, डोळे मिटून पाय ठेवी. जो आकडा व्यायामशाळेतल्या बाया आनंदाने पाहत, तो पाहून तिचा चेहरा उतरे. मी खोटे बोलू शकलो असतो तर एखादे वेळी बोललो असतो. पण तपासनीस बाईंचा शिक्का माझ्या पोटावर होता.

थंडीत तिची नडगी दुखू लागली. ती जिना आडव्या पावलांनी, कठडा धरून उतरे. केस विंचरले की फणीत गुंतवळ येई. पाळी केव्हाच थांबली होती. पळणाऱ्या मुलींचे होते असे, म्हणून तिने ते कोणाला सांगितले नाही. सांगणार तरी कोणाला? मैदानावर ती शिक्षिका होती, कॉलेजात हुशार विद्यार्थिनी, आणि फोनवर जेवलेली मुलगी. मोठी शर्यत जवळ आली होती. ती जिंकली तर व्यवसाय मार्गी लागेल, असे तिने ठरवून टाकले होते.

अशा एका दुपारी एक गृहस्थ मुलीला घेऊन जिना चढून आले. मुलगी नववीतली, शाळेची सर्वांत वेगवान धावपटू. वडिलांच्या बोलण्यातून मुलीचे कौतुक नुसते ओसंडत होते. त्यांनी तिची प्रमाणपत्रे सांगितली, वेळा सांगितल्या, आणि मग मुद्द्यावर आले. आंतरशालेय स्पर्धेआधी तिचे थोडे वजन उतरवायचे होते. भिंगरीने नेहमीप्रमाणे मला पलंगाखालून ओढले आणि मुलीला म्हणाली, "ये, उभी राहा."

मुलीने आधी घड्याळ काढले. मग कानांतले काढून वडिलांच्या हातात दिले. मग केसांची पिन. मग श्वास पूर्ण सोडला, डोळे मिटले आणि हलकेच पाऊल ठेवले.

खालची हातोडी नेमकी तेव्हाच थांबली होती. भिंगरी तिथे उभीच राहिली. तिने आकड्याकडे पाहिलेच नाही, ती मुलीच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत होती. मग तिने विचारले, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मुलगी म्हणाली. "मी आपली करते."

"सकाळी काय खाल्लंस?"

मुलीने वडिलांकडे पाहिले. "खाल्लं मी. आत्ताच खाल्लं."

ते उत्तर त्या खोलीला पाठ होते. भिंगरी टेबलाच्या कडेला टेकली आणि वडिलांना म्हणाली की मी हिचं वजन उतरवणार नाही. हिला वाढायचं आहे, हिला जास्त खायला हवं, आणि आधी डॉक्टरांना दाखवायला हवं. वडील चिडले नाहीत. ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "अहो, पण तुमच्याकडे बघूनच तर आलो आम्ही. ही म्हणते, मला त्या ताईंसारखं व्हायचंय."

मग भिंगरीने, जे तिने आईला सांगितले नव्हते, मैदानावर सांगितले नव्हते, स्वतःलाही नीट सांगितले नव्हते, ते त्या अनोळखी माणसांना सांगितले.

"माझ्यासारखं होऊ देऊ नका तिला," ती म्हणाली. "मला जिना उतरता येत नाही. पाय टेकला की जीव जातो. मी लोकांना खायला शिकवते आणि स्वतः खात नाही. तुम्ही वर आलात तेव्हा मी उठून दार उघडलं ना, ते भिंतीला धरून उघडलं."

वडिलांनी मुलीच्या हातात कानांतले परत दिले. विचार करून कळवतो, असे ते म्हणाले. जिन्यात मुलगी एकदा मागे वळली, आणि दोघे गेले. त्यांनी काहीच कळवले नाही.

भिंगरी माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. मग तिने आईला फोन लावला. आईने विचारले, जेवलीस का? आणि भिंगरी पहिल्यांदाच म्हणाली, नाही.

दवाखान्यात कळले की हाडाला तडा गेला आहे. हाड दमले आहे, असे डॉक्टरीण बाई म्हणाल्या. आई आली, शेगडी पेटली, खोलीला वास आला, आवाज आला. आई ताट वाढून समोर बसे आणि शेवटचा घास होईपर्यंत उठत नसे. पण आईलाही काम होते. शाळा सुरू होण्याआधी गणवेशांचे ढीग पडतात. ती गेली तेव्हा खोली आधीपेक्षा मोठी आणि आधीपेक्षा गप्प वाटू लागली.

शर्यत गेली. नवे शिष्य गेले. कुबडी घेतलेल्या बाईकडून धावायला कोण शिकणार? 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' असे कोणीतरी मैदानावर म्हणाले, ते तिच्या कानावर आले. बँकेतल्या मैत्रिणींनी गोड बोलून रजा घेतली. एकटे मोटारवाले काका येत राहिले. ते डबा घेऊनच जिना चढत, कारण गाडीत एकट्याने जेवायचा त्यांना कंटाळा येई. डबा उघडताना म्हणत, तुम्ही जेवला नाहीत तर मला सल्ला कोण देणार? खायचे आणि निघून जायचे, त्यांनी कधी उपदेश केला नाही की जास्त चौकशी केली नाही. इतर दिवशी ती एकटीच ताट वाढून घेई आणि एकटीच संपवी. ते शर्यतीपेक्षा अवघड होते. काही दिवशी ती अर्ध्यात थांबे, खिडकीबाहेर पाही, आणि पुन्हा घास उचले. ती परीक्षा कोणी तपासत नव्हते. कॉलेजची मात्र ती पास झाली.

पाय बरा झाला तेव्हा तिने पाटी पुन्हा लावली आणि मला कपाटावर चढवले. आता ती शिष्यांना वजन विचारत नाही. झोप कशी झाली, भूक लागते का, धावताना मजा येते का, असे विचारते. शिष्य थोडे आहेत, हळूहळू येतात. ती स्वतः धावते, पण पूर्वीइतकी वेगाने नाही, आणि संध्याकाळी खोलीत अजूनही एकटीच असते. परवा ती आईला सांगत होती की ती नववीतली मुलगी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पळताना दिसली. बारीक झाली की भरली, एवढ्या लांबून कळले नाही. भिंगरीने हात केला. मुलीनेही केला, आणि पळत निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू सहसा स्वतःसाठी काही मागतात. मी मागत नाही. गंजलो तर गंजेन, मोडीत गेलो तरी चालेल. पण तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कोणी सारखे काट्यावर चढत असेल आणि ताटातले हळूच बाजूला सारत असेल, तर त्याला आकडा विचारू नका. आपले ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसा. मला बसता येत नव्हते. मी खाली होतो, ती माझ्यावर डोळे मिटून उभी होती, आणि त्या खोलीत आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते.