तळाचा घोट

"हे प्यायचं की अंगाला चोळायचं?" वाडग्यातलं काळंकुट्ट पेय हुंगत मशीनवाल्याने विचारलं.

खाणावळवाली हसली नाही. "प्या. झाडाची साल आंबवून करतो. आमच्याकडे पाहुण्याला आधी हेच."

शिवणयंत्रं दुरुस्त करत गावोगाव हिंडणारा हा माणूस. जिथे जाईल तिथलं मिळेल ते पोटात ढकलायचं, असा त्याचा खाक्या. बायको ओरडायची, "अहो, दिसेल ते तोंडात काय घालता!" ती जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटी नुसती 'पाणी, पाणी' करत होती बिचारी, आणि डॉक्टरांनी थेंबही द्यायचा नाही म्हणून बजावलेलं. त्याने दिलं नाही. ते त्याला अजून जाळत होतं.

खाणावळवालीने त्याच्या शेजारी एक रिकामं स्टूल आणून ठेवलं, पदराने पुसलं.

"आणखी कुणी यायचंय?"

"आलंय की," म्हणत ती चुलीकडे वळली.

भरदुपारी त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय! पहिला घोट कडूजहर लागला, दुसरा बरा, तिसऱ्याला जीभ चटावली. पानात काही टाकायचं नाही ही लहानपणची शिस्त; त्याने वाडगा उलटा करून शेवटचा थेंबही जिभेवर घेतला.

बाई वळली आणि तिचा चेहराच उतरला.

"अगं आई गं! सगळं प्यायलात? तळाचा घोट ठेवायचा असतो हो. बरोबर आलेल्या माणसाचा असतो तो."

"मी एकटाच आलोय, बाई."

"एकटे कसले! तुमच्या मागोमाग शिरल्या आत. हातावर सलाइनची पट्टी आहे. ओठ पार सुकलेत."

त्याने वाडगा तिच्यापुढे केला. "आणखी एक वाडगा द्या. पाया पडतो तुमच्या."

"दुसरा चालत नाही त्यांना. पाहुण्याच्या उष्ट्यातलंच लागतं."

"मग पाणी? साधं पाणी तरी?"

"देऊन बघा," बाई हळूच म्हणाली.

त्याने पेला भरला, स्टुलासमोर गुडघे टेकले आणि बायकोचं तोंड असेल तिथे पेला धरला. "घे गं. पी पोटभर. आता कुणाच्या बापाला विचारायचं नाही." पाणी हिंदकळून मनगटावरून ओघळत होतं. ओघळलं तेवढंच काय ते कमी झालं.

बऱ्याच वेळाने खाणावळवाली मागे येऊन उभी राहिली. "उठा आता. गेल्या हो त्या, मगाशीच."

त्याने मान डोलावली. पेला मात्र खाली घेतला नाही.