मावशीने पुसलेले मेसेज

डाग दिसला की मावशीचे हात शिवशिवायचे. अर्धं आयुष्य लाँड्रीत गेलेल्या बाईचं दुसरं काय होणार? म्हणून भाचीने रडत रडत फोन पुढे केला आणि त्यावर कोचचा मेसेज दिसला, तेव्हा मावशी स्वभावाला जागली. भाचीला तोंड धुवायला पाठवलं आणि मागच्या मागे सगळं पुसून टाकलं. घरात घाण नको!

कोच म्हणजे भाची जिथे मुलांना बॅडमिंटन शिकवायची, तिथला मुख्य प्रशिक्षक. त्याने तिला सामानाच्या खोलीत भिंतीशी दाबून धरलं होतं, नको तिथे हात लावला होता. ती त्याला ढकलून निसटली, घरी पोचते तोच त्याचा मेसेज आला होता.

तक्रार नोंदवताना तपास अधिकारी बाईंनी विचारलं, "मेसेज दाखवता?" मावशीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढे चौकशीत कोचने तर कानावर हात ठेवले. त्याचा फोन म्हणे नेमका त्याच सुमारास तळ्यात पडला. फोनलाही पोहण्याची हौस असावी! आता उरला तिचा शब्द आणि त्याचा शब्द, आणि त्याच्या शब्दाच्या पाठीशी कपाटभर चषक होते.

"जाऊ दे, तक्रार मागे घेते," असं भाची म्हणाली, त्या दिवशी मावशीच्या घशाखाली घास उतरला नाही. आपल्या हाताने आपण पोरीचा पुरावा घालवला, हे तिला खात होतं.

बाईंनी मात्र हार मानली नाही; फोनसकट दोघींना पोलिसांच्या प्रयोगशाळेत नेलं. मावशीने नळ्या, धूर, पांढरे कोट असं काहीबाही मनात धरलं होतं. इथे नुसत्या वायरी, स्क्रीन आणि स्वेटरवर बिस्किटाचा चुरा सांडलेला एक उंच तज्ज्ञ.

"आधी फोनची जशीच्या तशी नक्कल काढतो," तो म्हणाला. "सगळं काम त्या नकलेवर. मूळ फोन सीलबंद."

"माझे फोटो? मैत्रिणींशी बोललेलं?" भाचीने हळूच विचारलं.

"त्यात मी डोकावणार नाही. त्या एका नंबरशी त्या संध्याकाळी झालेलं बोलणं, तेवढंच अहवालात जाईल. तसं लिहूनही देतो."

भाचीने मघापासून आवळलेली मूठ सोडली.

"पण पुसलेलं परत येतं का हो, दादा?" मावशीने विचारलं.

"कधी येतं, कधी नाही. पुसलं की फोन एवढंच म्हणतो, ही जागा आता मोकळी. तिथे दुसरं काही येऊन बसेपर्यंत जुनं तसंच पडून असतं. त्यानंतर फोन किती वापरलात?"

"वापरला?" भाची उसळली. "हिने वापरू दिला तर ना! बंद करून कपाटात कोंडला आणि किल्ली घेऊन बसली. मी किती भांडले!"

"त्या मेल्याचा मेसेज पुन्हा यायला नको म्हणून," मावशी पुटपुटली.

तज्ज्ञाला हसू आलं. "मावशी, याहून चांगलं काही करता आलं नसतं तुम्हाला."

यावर मावशीने हुरळून जायला हवं होतं. पण तिचा चेहरा उतरला. तिने तज्ज्ञाला हळूच बाजूला घेतलं. "दादा, समजा त्याच्याबरोबर दुसरंही काही निघालं... जरा तिखट... तर तेवढं काढून टाकाल?"

"एक अक्षर जरी काढलं, तरी पुढे कशावरच कुणी विश्वास ठेवणार नाही."

मावशी पदर सावरत भाचीजवळ परत गेली.

आठवडाभराने बाईंनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. पुढ्यात अहवाल होता आणि बाई ओठ दाबून बसल्या होत्या.

"पहिला मेसेज मिळाला. 'झालं ते विसर, कुणाला सांगू नकोस.'"

"हाच!" भाची म्हणाली.

"पण काय झालं, ते यात कुठे आहे? 'सामना हरली, ते विसर म्हणालो,' असं सांगून मोकळा होईल तो." बाईंनी पान उलटलं. "त्यावर तुमच्या फोनवरून उत्तर गेलंय. 'मेल्या, मुडद्या, मी तिची मावशी आहे. सामानाच्या खोलीत माझ्या पोरीच्या अंगाला हात लावलास, तुझे हात झडोत.' पुढच्या चार ओळी मी मनातच वाचल्या."

"मावशी!"

मावशी छताच्या पंख्याकडे बघत होती. "चुकलं गं माझं. फोन तुझा, आणि शेण मी खाल्लं. राहवलंच नाही मला."

"थांबा. त्याचं उत्तर आलंय."

"उत्तर? मी नाही बाई वाचलं! टिंग वाजलं, आणि मी सगळंच पुसलं. त्याचं अक्षर नको होतं मला डोळ्यांसमोर."

बाईंनी सावकाश वाचलं. "'मावशी, पाया पडतो. एकदाच हात लावला, तिने ढकललं तेव्हा लगेच सोडलं. पोलिसांत जाऊ नका.'"

भाचीने पान ओढून घेतलं. वाचलं, पुन्हा वाचलं. मग ती मावशीच्या गळ्यात पडली आणि दोघी एकदमच रडायला आणि हसायला लागल्या. बाईंनी पाण्याचे ग्लास पुढे सरकवले.

"कोर्टात हे सगळं ओळीने येणार हं," बाई म्हणाल्या. "तुमचंही, मावशी. मधलं गाळता येत नाही."

"त्या चार ओळीसुद्धा? भर कोर्टात? अगं बाई, माझी गिऱ्हाइकं काय म्हणतील! कोण वाचणार ते?"

"विचारलं तर मी वाचेन," भाची म्हणाली. तिने डोळे पुसले. "सगळ्या ओळी. त्याच्याकडे बघून."